ओआरएसमध्ये साखर कशाला? आणि पेशीच्या दाराशी येऊन थांबणारे आणखी तीन प्रश्न

उन्हाळा लागला की आपल्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूरच बदलतो, पाणी, मीठ, घाम, जुलाब हेच सगळीकडे. त्यातले चार प्रश्न यावेळी घेतलेत. पहिल्याला जागा जास्त दिलीय, कारण तो नीट कळला तर एखाद्या घरातलं पोर वाचू शकतं.

प्रश्न : द्राक्षाची काढणी चालू होती तेव्हा आमच्या बागेत कामाला आलेल्या एका बाईच्या तीन वर्षांच्या मुलाला जुलाब लागले. आशाताईंनी ओआरएसचं पाकीट दिलं, पण तिची सासू म्हणे जुलाबात गोड दिलं की अजून वाढतात, नुसतं मिठाचं पाणी द्या. शेवटी अर्धं पाकीट एका ग्लासात कालवून पाजलं. साखर खरंच लागते का? – एक वाचक, निफाड

उत्तर : दादा, साखर लागतेच, आणि ती ताकद यावी म्हणून नाही, मीठ आत जावं म्हणून लागते.

आपल्या प्रत्येक पेशीला एक पातळ पेशीपटल असतं, ते चरबीचं बनलेलं, त्यामुळे मीठ-साखर त्यातून सरळ जाऊ शकत नाही, त्यांच्यासाठी प्रथिनांची ठरावीक दारं असतात. पेशीच्या बाहेर सोडियम भरपूर, लिटरला साधारण १४० मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं माप), आणि आत फक्त १० ते १५. हा फरक आपोआप टिकत नाही. पेशीपटलात एक पंप बसवलेला असतो, तो दर फेरीला ३ सोडियम बाहेर फेकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळतो. तुम्ही झोपलेले असताना सुद्धा शरीराच्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा या पंपावरच खर्च होतो! डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये हा पंप दाखवून दिला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता आतड्यात काय होतं बघा. पंपामुळे पेशीच्या आत सोडियम कमी, म्हणून बाहेरचं सोडियम आत घुसायला टपलेलं असतं, आणि आतड्याच्या पेशींवर एक दार असं आहे की ते सोडियम आणि ग्लुकोज दोघं सोबत आले तरच उघडतं, २ सोडियम आणि १ ग्लुकोज असा हिशोब. दोघं आत गेले की त्यांच्या मागोमाग पाणी जातं. नुसतं मीठ दिलं तर हे दार बंदच राहतं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं १९६० मध्ये प्राग इथे ही जोडी पहिल्यांदा मांडली.

कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीत दुसरंच दार उघडं ठेवतं, क्लोराइडचं, त्यामुळे मीठ-पाणी धो धो बाहेर पडत राहतं, पण सोडियम-ग्लुकोजच्या दाराला ते धक्का लावत नाही. इतक्या भयंकर जुलाबात सुद्धा तो एक रस्ता चालू राहतो, आणि सगळं ओआरएस त्या एका रस्त्यावर उभं आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवलं आणि नातेवाइकांना म्हणाले तुम्हीच पाजा. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, पण आपल्या शाळांच्या भिंतींवर त्यांचा फोटो कुठे दिसत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या बरं का. साखर गरजेपेक्षा जास्त झाली तर ती आतड्यात पडून राहते आणि उलट शरीरातलंच पाणी तिकडे ओढून घेते, जुलाब वाढतात. म्हणूनच कोल्ड्रिंक किंवा पॅकबंद ज्यूस जुलाबात अजिबात नको. आणि अर्धं पाकीट ग्लासात टाकलं तर तोच घोटाळा होतो, मिश्रण दुपटीपेक्षा जास्त दाट. अख्खं पाकीट, अख्खं एक लिटर स्वच्छ पाणी, हेच प्रमाण (पाकीट लहान असेल तर त्यावर किती पाण्यात टाकायचं ते लिहिलेलं असतं, तेवढंच घ्या). आत्ताच्या सूत्रात लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, मीठ त्याहून जास्त बिलकुल नको. त्या वयाच्या मुलाला दर जुलाबानंतर १०० ते २०० मिली, घोट घोट, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत सुरू करायचं. केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकून द्या. सोबत झिंक, ६ महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस, जुलाब थांबले तरी. पोर सुस्तावलं, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, शौचातून रक्त पडलं किंवा पाणी पोटात टिकतच नसेल तर घरी वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

प्रश्न : माझे सासरे अशक्तपणा आला की सलाईन लावून घेतात, म्हणतात ताकद येते. येते का? – एक ताई, सिडको

उत्तर : ताई, साध्या सलाईनच्या ५०० मिली बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी, कॅलरी शून्य. ग्लुकोजची ५ टक्केवाली बाटली असेल तर त्यात २५ ग्रॅम साखर, म्हणजे एक केळं खाल्ल्यासारखंच झालं. शरीरात खरंच पाणी कमी पडलं असेल तर सलाईननं तरतरी येते, नाहीतर नाही.

ते मीठ तरी बरोबर ०.९ टक्केच का? आपले बेदाणे रात्री पाण्यात टाकले की सकाळी टम्म फुगतात ना, पाणी साल ओलांडून गोडाकडे जातं म्हणून. रक्तात नुसतं पाणी सोडलं तर तांबड्या पेशींचं हेच होईल, त्या फुगतील आणि फुटतील. ०.९ टक्क्याला आतबाहेर तोल जमतो, पेशी ना फुगते ना आकसते. पण सासऱ्यांचं वय बघता हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर उगाच चढवलेल्या सलाईननं फुप्फुसात पाणी साचू शकतं. त्यापेक्षा हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड, बी१२ तपासून घ्या, अशक्तपणाचं कारण बहुतेक वेळा तिथे सापडतं.

प्रश्न : झणझणीत मिसळ खाल्ली की तोंडाला आग लागते, घाम फुटतो, पण मिसळ गार झाली तरी तसंच होतं. असं का? आणि पाणी पिऊन का उतरत नाही? – एक विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : अरे, मस्त प्रश्न! जिभेतल्या वेदना नेणाऱ्या मज्जापेशींवर टीआरपीव्ही१ नावाचं दार असतं, ते साधारण ४३ अंशांच्या पुढच्या उष्णतेला उघडतं, कॅल्शियम-सोडियम आत शिरतं आणि मेंदूला निरोप जातो की भाजतंय. मिरचीतलं कॅप्सेसिन तेच दार नेहमीच्या तापमानालाच उघडतं, त्यामुळे मेंदूला खरंच वाटतं की गरम झालं आणि तो शरीर गार करायला घाम काढतो. हे दार डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमनं १९९७ मध्ये शोधलं, २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठीच होता. पक्ष्यांच्या दाराला कॅप्सेसिन चिकटत नाही म्हणून पोपट मिरची मजेत खातो.

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते तेलातलं, पाणी प्यायलास तर ते तोंडभर पसरतं फक्त. दह्या-दुधातलं केसीन नावाचं प्रथिन त्याला धरून नेतं, मिसळीबरोबर दही देतात ते घेत जा.

प्रश्न : रामकुंडात बराच वेळ डुंबलं की बोटं सुरकुततात. पाणी कातडीत शिरून ती फुगते म्हणून ना? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : बेदाण्याचं वाचल्यावर तसंच वाटेल, पण इथे मुख्य काम नसांचं, म्हणजे मज्जातंतूंचं आहे. ज्या बोटाची नस तुटलीय ते बोट पाण्यात ठेवलं तरी सुरकुतत नाही, ही गोष्ट डॉक्टरांच्या १९३० च्या दशकातच लक्षात आली होती. पाणी कातडीच्या घामाच्या छिद्रांतून आत जातं, मज्जातंतू खबर देतात, बोटाच्या टोकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, आतला भाग आक्रसतो आणि वरची कातडी घड्या घालते. ओल्या वस्तूवर पकड यावी म्हणून हे होतं असं काहींचं म्हणणं, त्यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. पण नस चालू आहे की नाही हे बघायला डॉक्टर हीच खूण वापरतात, तेव्हा एखाद्या हाताची बोटं पाण्यात सुरकुतेनाशी झाली असतील, किंवा बऱ्याच वर्षांचा मधुमेह असून बोटांना मुंग्या येत असतील, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.