वीज कडाडल्यापासून सीपीयू सुरूच होत नाही, टॅलीचा डेटा निघेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा तालुक्यात कृषी केंद्र आहे, विजा कडाडल्या, लाईट गेली, आल्यावर बटण दाबलं तर पंखासुद्धा फिरत नाही. आत टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली उधारी आणि मराठीत टाइप केलेली पत्रं आहेत. मेकॅनिक म्हणतो, ठेवून जा, नवीन विंडोज मारून देतो.

भाऊ, विंडोज अजिबात मारू देऊ नका. पंखाच फिरत नाही म्हणजे बिघाड करंटचा आहे, विंडोजचा त्यात काय संबंध? हिशेब हार्ड डिस्कमध्ये असतो आणि एसएमपीएस (आतला करंट पुरवणारा डबा), मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड) जळले तरी ती धड असू शकते. फॉरमॅट मारून वर नवीन विंडोज चढवलं, की तेवढ्या जागेतला जुना डेटा गेला. एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) असेल तर ती मोकळी झालेली जागा आतल्या आत पुसून टाकते, मग रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरलाही काही सापडत नाही.

प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवा. डिस्कला दोन वायरी असतात, डेटाची अरुंद आणि पॉवरची रुंद. दोन्ही काढा आणि तशाच अवस्थेत प्लग लावून बटण दाबून बघा. डिस्क काढल्यावर पंखा फिरला, तर दोष डिस्कच्या हिरव्या पट्टीवर, म्हणजे तिच्या सर्किट बोर्डवर आहे. तिथे झटका अंगावर घेणारा एक छोटा डायोड असतो. तो शॉर्ट झाला की एसएमपीएस सुरूच होत नाही. ही खरं तर बरी बातमी, कारण डायोडने मार खाल्ला म्हणून पुढचा भाग बहुधा वाचलेला असतो. मोबाईल दुरुस्त करणारा हुशार कारागीर मल्टिमीटरने तपासून तो काढून देतो. मात्र नंतर ती डिस्क चांगल्या सप्लायवर फक्त कॉपी करण्यापुरती वापरायची, कारण पुढचा झटका अडवायला काही उरलेलं नसतं. तशीच दुसऱ्या डिस्कची पट्टी आणून लावू नका. पट्टीवरच्या आठ पायांच्या चिपमध्ये त्या डिस्कची स्वतःची मापं असतात, त्यामुळे नुसत्या अदलाबदलीने काम होत नाही.

डिस्क काढूनही पंखा हलला नाही, तर एसएमपीएस किंवा मदरबोर्ड गेला. तो नंतर बघू. एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो.

आता डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. त्यासाठी लागतो साटा (डिस्कच्या वायरीचा प्रकार) ते यूएसबी कन्व्हर्टर, आणि तो घेताना लोक हमखास चुकतात. सीपीयूतली साडेतीन इंची डिस्क 12 व्होल्ट मागते, यूएसबीतून येतात 5. म्हणून 12 व्होल्ट 2 अँपिअरचा अडॅप्टर सोबत असलेलाच कन्व्हर्टर घ्या. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर चालते. अडॅप्टर इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावा. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून निर्धास्त राहाल, पण लाईट गेली की कॉपी चालू असताना डिस्क मधेच बंद पडेल.

कन्व्हर्टर तालुक्यात मिळाला नाही तर ओळखीच्या दुकानातला सीपीयू बंद करून त्याच्या डीव्हीडी रायटरच्या दोन्ही वायरी काढा आणि तुमच्या डिस्कला लावा, पिना त्याच असतात. सुरू करताना तो त्याच्याच डिस्कवरून सुरू होतोय ना, तेवढं बघा.

जोडल्यावर "डिस्क फॉरमॅट करायची का" किंवा "इनिशियलाइज करायची का" असं विचारलं, तर कॅन्सल. फोल्डरला परवानगी नाही म्हटलं तर कंटिन्यू दाबा आणि थांबा, वेळ लागतो. बिटलॉकरची (विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची) 48 आकडी किल्ली मागितली तर ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा लावून बघितलं की आतलं हेड तबकडी खरवडतं. अशी डिस्क घरी उघडायची नाही, फ्रिजमध्येही ठेवायची नाही, सरळ नागपूर किंवा पुण्याच्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यायची.

सगळं ठीक दिसलं तर आधी टॅली, मग पत्रं, फोटो शेवटी. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये पाच किंवा सहा आकडी नावाचे फोल्डर असतात, एकेक म्हणजे एकेक कंपनी. आतल्या फाइली निवडत बसू नका, आकड्याचा अख्खा फोल्डर उचला. पत्रं यूझर्समधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समध्ये सापडतील. पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतील तर विंडोजमधला फॉन्ट्सचा फोल्डरही घ्या. तो राहिला तर नव्या कॉम्प्युटरवर "माननीय महोदय"च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल.

कॉपी झालेला डेटा त्याच आवृत्तीच्या टॅलीत उघडा आणि दोन-तीन गिऱ्हाइकांची उधारी वहीशी ताडून बघा. आकडे जुळले की मग सीपीयू दुरुस्तीला द्या, आणि देताना जुनी डिस्क घरीच ठेवा.