साडेचार वर्षांचा हिशेब

"मॅडम, सगळ्यात कमी फी कुठे आहे, तेवढं सांगा," गोव्यातल्या डिचोलीहून करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आलेल्या वडिलांनी खुर्चीत बसता बसताच विचारलं. खाणी थांबल्यावर त्यांना टिपर विकावा लागला होता, त्यामुळे प्रश्नामागची धास्ती मला कळत होती. बारावीतल्या मुलीला प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची, म्हणजे कृत्रिम हातपाय आणि कमजोर अवयवाला आधार देणारे कॅलिपर, स्प्लिंट बनवून रुग्णाला बसवण्याची पदवी करायची होती. हातात एका खासगी कॉलेजचं माहितीपत्रक, त्यात पहिल्या वर्षाच्या फीभोवती लाल गोल.

मी आधी मुलीकडे वळले. हे कुठून सुचलं? आजोबांना अर्धांगाचा झटका आला आणि पाऊल लोंबकळू लागलं. मिळालेला प्लास्टिकचा स्प्लिंट घोट्याला घासायचा, म्हणून तिने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून आतून चिकटवला होता. फोटो दाखवला. कड इतकी नीट कापलेली, की मी तो मोठा करून दोनदा पाहिला. बारावीच्या वर्षी मुलं या कोर्सचं नुसतं नाव ऐकून येतात. ही काम करून आली होती.

मग वही उघडली. पदवी साडेचार वर्षांची: चार वर्षं शिक्षण, सहा महिने इंटर्नशिप. वसतिगृह, मेस, परीक्षा शुल्क, अवजारं, वर्षातून दोनदा घरी यायचं तिकीट, सगळं वडिलांनाच लिहायला लावलं. माहितीपत्रकात वर्कशॉपचं शुल्क वेगळं होतं, तेही बारीक अक्षरात.

पण खरी अडचण पुढेच होती. 1992 च्या कायद्यानुसार या व्यवसायासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती मिळते परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम केला तरच. वडिलांनी तिथेच मोबाइलवर परिषदेची यादी काढली. कॉलेजचं नाव सापडलं, पण पदविकेपुढे, पदवीपुढे नाही. ते कितीतरी वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले. अशी मान्यता नसलेली पदवी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, असं मी त्यांना स्पष्टच सांगितलं.

केंद्र सरकारच्या संस्थांचा विचार त्यांनी केलाच नव्हता, "लांब" म्हणून. कटकजवळ ओलटपूर, कोलकात्यात बोनहुगली, दिल्लीत पंडित दीनदयाळ उपाध्याय संस्था. शिवाय मुंबईत हाजी अलीजवळची संस्था, तिची प्रवेशाची वाट निराळी. फी सरकारी, आणि रुग्णांची रीघ. या शिक्षणात रुग्णच नसतील तर विद्यार्थ्याने प्लास्टरचा साचा घ्यायचा कुणाचा? म्हणून कुठल्याही कॉलेजला फोन केलात तर, विद्यार्थी स्वतःच्या हाताने किती साचे घेतो, किती सॉकेट (कृत्रिम अवयवाचा, उरलेला हात-पाय ज्यात बसतो तो भाग) बसवतो, हे विचारा. उरलेल्या खर्चासाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाची चौकशी करायला सांगितलं.

मुलीने प्रवेश परीक्षा दिली आणि ओलटपूरला गेली. आई महिनाभर रडली, हेही खरं.

दुसऱ्या वर्षी चतुर्थीला घरी आली, तेव्हा मला भेटून गेली. "मॅडम, ती ट्यूब मी चुकीची लावली होती," म्हणाली. "घासतं तिथेच जाडी वाढवली, म्हणजे दाब वाढलाच ना. तिथलं प्लास्टिक गरम करून बाहेर ढकलायला हवं होतं." आजोबांच्या स्प्लिंटवर तिने ती जागा पेन्सिलीने आखून ठेवली होती.