ओढ्यावरचा जुना पूल : दुरुस्ती की नवी बांधणी?

प्रश्न : आमच्या ओढ्यावरील पुलाचा रस्ता गुळगुळीत आहे, कठडेही शाबूत आहेत. तरीही पाहणीनंतर तो पाडून नवा बांधावा असा अहवाल आला. वरून इतका धडधाकट दिसणारा पूल धोकादायक कसा ठरतो?

उत्तर : डांबराचा नवा थर पुलाच्या प्रकृतीविषयी काहीच सांगत नाही, उलट जुना थर न खरवडता त्यावर वर्षानुवर्षे डांबर चढवले गेले असेल, तर स्लॅबवरचे कायमचे ओझे तेवढे वाढलेले असते. पूल पाहायचा तो खालून, पात्रात उतरून. ओढ्यांवरील पुलांचा घात बहुधा वाहनांपेक्षा पाणीच करते. पुराचे पाणी खांबाला अडले की ते तळाकडे वळते, तिथे भोवरे धरते आणि पायाभोवतीची माती उपसून नेते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याला हलवता येणाऱ्या दगडाचे वजन सुमारे ६४ पट होते, असा जलशास्त्रातील जुना ठोकताळा आहे. एरवी घोटाभर पाण्याचा ओढाही त्यामुळे एका रात्रीत पाया उघडा पाडू शकतो.

खरी फसगत पुढे आहे. पूर ओसरू लागला की वाहून आलेला गाळ त्याच खड्ड्यात बसतो आणि कोरड्या दिवसांत पाहणीला येणाऱ्यास सपाट, निर्धोक पात्र दिसते. अनुभवी तपासनीस म्हणूनच पायालगत लोखंडी सळई दाबून पाहतो. मूळच्या घट्ट थरावर ती अडते, गाळाने बुजलेल्या खड्ड्यात मात्र सहज आत जाते. आपल्याकडे आलेल्या अहवालात ही नोंद आहे का, ते आवर्जून पाहावे. ती नसेल, तर केवळ छायाचित्रांनी भरलेल्या अहवालावर मी फारसा विसंबणार नाही.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी क्रीक या प्रवाहावरील महामार्गाचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी पुरात कोसळला आणि १० जण मृत्युमुखी पडले. पुलाचे वय तेव्हा चाळिशीच्याही आत होते. त्याचा पाया उथळ होता, आणि पायाच्या रक्षणासाठी रचलेले मोठे दगड आधीच्या पुरांत हलल्यावर ते पुन्हा पुरेसे भरले गेले नव्हते.

प्रश्न : स्लॅबच्या तळाचे काँक्रीट निखळून सळया दिसत आहेत. गिलावा करून आणखी दहा-पंधरा वर्षे काढता येणार नाहीत का?

उत्तर : नुसत्या गिलाव्याने नाही. ताजे काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असते आणि त्यामुळेच आतल्या पोलादावर एक सूक्ष्म संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून हा गुणधर्म कमी करतो, पापुद्रा जातो आणि ओल मिळताच सळई गंजते. गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या दोन ते सहा पट असल्यामुळे तो आतून रेटा देतो आणि काँक्रीटची खपली पडते. म्हणजे खपली दिसते तेव्हा सळईची जाडी आधीच घटू लागलेली असते. खराब काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढणे, सळई घासून स्वच्छ करणे, जिथे ती झिजली तिथे जोड देणे आणि मग योग्य मिश्रणाने भरणे, एवढे केले तरच तिला दुरुस्ती म्हणता येईल. आणि तीही पाया भक्कम असेल तरच करण्यात अर्थ आहे.

बिघाड बेअरिंग (तुळई ज्यावर टेकते ते आधार), प्रसरण सांधे (उष्णतेने पूल लांबण्यासाठी ठेवलेल्या फटी) किंवा पाणी निचऱ्याच्या नळ्या यांपुरता असेल, तर पूल पाडण्याची घाई मुळीच करू नये. या नळ्या साफ ठेवणे इतके क्षुल्लक काम वाटते की ते कोणाच्याच वाट्याला येत नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातील फर्न हॉलो पूल २८ जानेवारी २०२२ रोजी सकाळी बससह खाली आला. निचरा तुंबून पुलाला पेलणाऱ्या पोलादी खांबांच्या तळाशी पाणी आणि कचरा साचत राहिला होता, गंजाने पोलाद खाल्ले होते, आणि पाहणी अहवालांतून वारंवार सुचवलेली कामे झाली नव्हती. सुदैवाने जीवितहानी टळली.

प्रश्न : खर्च वाचवण्यासाठी नव्या पुलाऐवजी सिमेंटचे पाइप टाकून वर भराव घालण्याचा प्रस्ताव आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : पाणलोट लहान असेल आणि पुरात झाडेझुडपे वाहून येत नसतील, तर चालेल. एरवी दोन पाइपांमधल्या भिंतीवर एक ओंडका आडवा अडकतो, त्यावर पाला आणि काटक्या बसतात, तोंड बंद होते आणि पाणी भरावावरून उलटून रस्ताच कापून नेते. खाली, पाइपातून वेगाने पडणारे पाणी पात्रात डोह खोदते. पाइपाचे तोंड मग अधांतरी लटकते आणि माशांना वर चढणे अशक्य होते.

नवे बांधकाम जुन्याच मापाचे करण्याचा मोहही टाळावा. जुना गाळा (दोन आधारांमधले अंतर) ठरला तेव्हाचे पाणलोट क्षेत्र आज तसेच नसते. घरे, फरसबंदी आणि गटारे वाढली की पावसाचे पाणी कमी वेळात आणि एकदम ओढ्यात येते. अमेरिकी बांधकाम-संकेतांत (पूल बांधणीच्या नियमावलीत) पुलाचे अभिप्रेत आयुष्य ७५ वर्षे, तर युरोपीय संकेतांत १०० वर्षे धरले जाते. एवढ्या काळासाठी बांधायचे, तर पात्रात खांबच न येणारा एकसंध गाळा माझ्या मते पहिल्यांदा विचारात घ्यावा. सुरुवातीचा खर्च थोडा अधिक येतो, परंतु पात्राच्या मध्ये कचरा अडकायला आणि माती उपसायला जागाच उरत नाही.

प्रश्न : काम सुरू असताना रस्ता किती दिवस बंद ठेवावा लागतो?

उत्तर : जागेवर ओतकाम करायचे, तर काही महिने. कारखान्यात ओतून आणलेल्या तुळया किंवा पेटीसारखे भाग वापरले, तर बंद काळ काही आठवड्यांवर येतो. पूल पुरेसा रुंद असेल, तर अर्धा भाग चालू ठेवून उरलेल्या अर्ध्याचे काम करता येते. तात्पुरता वळणरस्ता ओढ्यातून काढणार असाल, तर त्याच्या मोऱ्याही पुराचा हिशेब करूनच घाला आणि पायाचे काम पावसाळ्यापूर्वी जमिनीच्या वर आणा. तोपर्यंत जुन्या पुलावर वजनाची मर्यादा दाखवणारा फलक पुरेसा नाही; जड वाहनांना प्रत्यक्ष अडवणारी उंचीची कमान दोन्ही टोकांना उभारावी, आणि पाणी तुळईच्या तळाला लागताच वाहतूक कोणी थांबवायची, त्याची जबाबदारी आधीच लेखी ठरवून ठेवावी.