फुप्फुसं तयार झाली का, सोनोग्राफीत दिसेल?

प्रश्न : माझ्या लेकीला 31वा आठवडा चालू आहे. गेल्या आठवड्यात अचानक कळा सुरू झाल्या, म्हणून बाळाच्या फुप्फुसांसाठी एक दिवसाच्या अंतराने दोन इंजेक्शनं दिली. कळा थांबल्या, ती घरी आली. परवा सोनोग्राफी झाली, पण रिपोर्टमध्ये फुप्फुसांबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या सेंटरला पुन्हा करावी का?
– एक आई, धायरी, पुणे

उत्तर : ताई, फक्त एवढ्यासाठी पुन्हा करू नका. रिपोर्टमध्ये काही राहून गेलेलं नाही.

श्वास सोडल्यावर फुप्फुसातले बारीक फुगे मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांच्या आत सरफॅक्टंटचा पातळ थर लागतो. इंजेक्शनाने तो लवकर तयार होतो. हा थर सोनोग्राफीत दिसत नाही. फुप्फुसाच्या चित्राचा पोत संगणकाने तपासणं, फुप्फुसाच्या धमनीतला प्रवाह डॉपलरने (रक्ताचा वेग दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) मोजणं, यांवर संशोधन चालू आहे. पण रोजच्या कामात आम्ही त्यावर निर्णय घेत नाही. लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी न्यूझीलंडमध्ये या स्टिरॉइड इंजेक्शनांचा केलेला अभ्यास 1972 साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून जगभर हे औषध पारखलं गेलंय, त्याच भरवशावर आम्ही ते देतो.

सोनोग्राफी बाळाचं वजन, गर्भजल, वारेची जागा आणि नाळेतला रक्तप्रवाह सांगते. लेकीच्या डॉक्टरांना या चार गोष्टी विचारा.

आता मला जास्त काळजी वाटते ते सांगते. डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव, डोस, तारीख आणि वेळ लिहिलेली हवी. नसेल तर आजच लिहून आणा. शेवटच्या डोसनंतर 24 तास ते 7 दिवस या काळात सर्वाधिक फायदा मिळतो. पुन्हा कळा आल्या तर आणखी डोस द्यायचा का, हे त्या तारखेवरून ठरतं. रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या डॉक्टरला ते तोंडी सांगून चालत नाही.

इंजेक्शनानंतर दोन-तीन दिवस बाळाची हालचाल थोडी मंदावू शकते. ते दिवस आता सरले. म्हणून हालचाल कमी वाटली तर ‘इंजेक्शनामुळे असेल’ म्हणत घरी थांबू नका. पाणी जाणं, रक्त दिसणं, पोट ठरावीक वेळाने कडक होणं, यांपैकी काहीही झालं तरी लगेच निघा.

आणि जिथे नाव घातलंय तिथे 31 आठवड्यांच्या बाळासाठी एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि सीपॅप (हलक्या दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) आहे का, हे आत्ताच विचारा. नसेल तर जिथे आहे तिथे नाव घाला. जन्मल्यावर बाळाला रुग्णवाहिकेतून हलवण्यापेक्षा ते आईच्या पोटात असतानाच तिथे पोहोचलेलं केव्हाही बरं.