मेकअप वाचवायला गेलो आणि अक्षरं फिकी झाली

प्रश्न : आमच्या लोणच्याच्या कारखान्यात झाकणांवर तारीख आणि बॅच नंबर छापणारं इंकजेट यंत्र आहे. शाईची एक बाटली संपेपर्यंत मेकअपच्या (शाई पातळ ठेवणाऱ्या द्रवाच्या) चार-पाच जातात. मेकअप वाचावा म्हणून चहाला, जेवणाला यंत्र बंद करायला लागलो, तर महिन्याभरात अक्षरं फिकी पडली. शाई भेसळीची असेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : शाईवर संशय घेऊ नका. तुमची शाई पातळ झाली आहे, आणि ती चहाच्या सुट्टीत झाली आहे.

या यंत्रातली शाईची धार छपाई नसतानाही चालूच असते. नोझलचं भोक साधारण ६० मायक्रॉनचं. आतला क्रिस्टल थरथरतो आणि धारेचे सेकंदाला साठ हजारांहून जास्त थेंब पडतात. अक्षरासाठी हवा तेवढाच थेंब विद्युतभार घेऊन हजारो व्होल्टच्या पट्ट्यांमधून वर वळतो. भार जास्त, तर ठिपका जास्त उंच. बाकीचे सगळे थेंब सरळ समोरच्या गटरमध्ये, म्हणजे थेंब झेलणाऱ्या नळीत, जातात आणि तिथून शाईच्या टाकीत परत.

तासाला दोनशे मिलिलिटरच्या आसपास शाई नोझलमधून जाते; झाकणावर उतरते ती त्यातली अगदी थोडी. पण गटर थेंबासोबत हवाही ओढतं, आणि ती हवा बाहेर पडताना शाईतला द्रव घेऊन जाते. तुमच्या शाईत बहुधा एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) हा द्रव असेल. तो ८० अंशांना उकळतो, मग मिरजेच्या उन्हाळ्यात किती उडत असेल बघा. रंग मागे राहतो, शाई दाटते. कंट्रोलर दाटपणा मोजतो आणि व्हॉल्व्ह क्षणभर उघडून मेकअप सोडतो. म्हणजे तो मेकअप वाया जात नाही, उडालेल्याची भरपाई होते.

आता तुमची अडचण. नीट बंद करताना यंत्र नोझल मेकअपने धुतं, आणि ते धुवण शाईच्या टाकीतच जातं. दिवसातून चार वेळा बंद-चालू केलंत की चार वेळा टाकीत मेकअप पडतो, आणि धार बंद असल्यामुळे उडत काहीच नाही. कंट्रोलरला मेकअप घालता येतो, काढता येत नाही. एकवीस वर्षं मी ही यंत्रं दुरुस्त करते आहे, आणि ऑपरेटरला पहिल्या दिवशी हेच सांगते. जालन्यात एका बियाण्यांच्या पॅकिंगमध्ये याच कारणाने पिशवीवरचा ८ हा ३ वाचला जात होता. लॉट नंबर चुकला की उगवण न झालेलं बियाणं कुठल्या लॉटचं, हे शेतकऱ्याने कसं सांगावं? लोणच्याच्या बरणीचंही तेच.

तेव्हा छोट्या सुट्टीत धार चालू ठेवा, बंद फक्त पाळी संपल्यावर. तेही स्क्रीनवरच्या बटणाने. मेन स्विच ओढलात तर नोझल न धुताच शाई वाळते. आत्ताची पातळ शाई सुधारायला छपाई न करता धार चालू ठेवा आणि व्हिस्कोसिटीचा (दाटपणाचा) आकडा जागेवर येईपर्यंत थांबा. घाईने वरून शाई ओतू नका. बाजारातला थिनर तर नकोच. रंग त्यात विरघळला नाही तर फिल्टर आणि नोझल दोन्ही जातील.

यंत्रामागची वाफेची नळी कुठे सोडली आहे, तेही आजच बघा. एमईकेची वाफ पेट घेते. नळी श्रिंक टनेलच्या (गरम हवेने प्लास्टिक आवळणाऱ्या यंत्राच्या) बाजूला असेल, तर आधी ती बाहेर काढा, अक्षरांचं नंतर बघू.