कपाटामागची बुरशी आणि महिनाभर न जाणारा खोकला: तुमच्या प्रश्नांना उत्तरं

गणपती झाले की माझ्या ओपीडीत आणि मेसेजमध्ये एकच विषय सुरू होतो, घरात ओल, कुबट वास आणि थांबायचं नाव न घेणारा खोकला. दरवर्षी तेच गैरसमज परत येतात, म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतेय. मी छातीविकारतज्ज्ञ आहे, भिंतींबद्दल जे काही कळतं ते पेशंटच्या घरांमुळे कळलंय.

प्रश्न: भिंतीवर काहीच दिसत नाही पण बेडरूममध्ये शिरलं की कुबट वास येतो. बुरशी असेल का? (ठाणे)

नाकावर विश्वास ठेवा. वास येतोय म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी ओल असतेच, फक्त ती दिसणाऱ्या भिंतीवर नसते. आधी बाथरूमच्या किंवा बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट पुढे ओढा आणि मोबाईलचा टॉर्च भिंतीलगत आडवा धरा, समोरून मारला तर पुसट डाग दिसत नाहीत. मग बॉक्स बेडमधल्या गाद्या, सिंकखालच्या कपाटाची मागची फळी, वरच्यांच्या बाथरूमखाली येणारं फॉल्स सीलिंग, आणि एसीचा आतला ब्लोअर, कारण जाळी धुतली तरी तो काळाच राहतो. मागे एकांनी कपाट ओढून मला फोटो पाठवला, प्लायच्या पाठीवर हिरवट-काळा थर, बोट फिरवलं की पावडर निघेल असा, आणि कपाटाला लागूनच मुलाचा बेड. तो मुलगा 2 वर्षं खोकत होता.

पाणी कुठून येतंय ते बघायला वीतभर फॉइल चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर 2 दिवस ठेवा. फॉइल भिंतीकडून ओलं झालं तर लीकेज, खोलीच्या बाजूने ओलं झालं तर खोलीतलीच दमट हवा. लीकेज असेल तर प्लंबर किंवा सिव्हिलवाला आधी, पेंटर नंतर. डॅम्पप्रूफ पेंटचा डबा घेऊन येणारे आत पाणी चालू असताना वरून रंग मारून जातात, पुढच्या पावसात पोपडे, आणि मधलं वर्षभर घरातली माणसं त्याच हवेत.

प्रश्न: भिंतीवर पांढरं भुरभुरीत आलंय, ही बुरशीच ना?

पाण्याचा थेंब टाका, विरघळलं तर क्षार आहेत. पण ओल आहेच, ती थांबवा.

प्रश्न: भिंतीवरच्या काळ्या बुरशीने कोविडवेळचा ब्लॅक फंगस होतो का?

नाही. 2021 मध्ये आपण जो बघितला तो म्युकरमायकोसिस, तो मुख्यतः कंट्रोलमध्ये नसलेली शुगर आणि स्टेरॉइड यांच्यामुळे झाला. रंगावरून बुरशी ओळखता येत नाही. शुगर वाढलेली असेल तर मात्र तिच्यासाठी डॉक्टरकडे जाच.

प्रश्न: एक कंपनी घरी येऊन हवेचा सॅम्पल घेते, रिपोर्ट देते. करून घेऊ का?

पैसे वाचवा. बुरशीचे कण प्रत्येक घरात, प्रत्येक हवेत असतात, आणि अमुक आकड्याच्या खाली सुरक्षित अशी सर्वमान्य मर्यादाच नाही, मग त्या रिपोर्टची तुलना कशाशी करणार? आणि रिपोर्ट देणाराच पुढे फॉगिंग आणि ओझोन मशीन विकत असेल तर दार लावून घ्या. ओझोन फुप्फुसाला त्रास देतो. त्यापेक्षा एक साधा आर्द्रता मीटर आणा, आकडा सतत 60 टक्क्यांच्या वर असेल तर एक्झॉस्ट, उघड्या खिडक्या, कपडे घरात न वाळवणं, हे करा.

प्रश्न: 2021 च्या पुरात भिजलेलं फर्निचर वाळवून वापरतोय, आता पाठीमागे काळपट आलंय. (चिपळूण)

सागवान किंवा भरीव लाकूड असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून कडक उन्हात वाळवा. प्लाय आणि कापसाची-फोमची गादी टाकून द्या. जीव तुटतो, कळतं मला, पण आतपर्यंत गेलेली बुरशी वरून निघत नाही. कोरडं घासू नका, एन95 मास्क लावा, आणि दमेकरी माणूस त्या दिवशी घराबाहेर.

प्रश्न: ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र करून मारलं तर?

कधीच नाही. विषारी क्लोरीन वायू निघतो.

प्रश्न: आईला जुना दमा, आता एक्स-रेत डाग आला म्हणून टीबीचं औषध सुरू केलं, 4 महिने झाले, खोकला तसाच. घरात ओल भरपूर आहे. काही संबंध?

या प्रश्नासाठी मी वाट बघत असते, कारण यात उशीर झाला की नुकसान भरून येत नाही. दम्याच्या काही पेशंटना अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीची जोरदार अ‍ॅलर्जी होते, त्याला एबीपीए म्हणतात. दमा आटोक्यात राहत नाही, कधी तपकिरी चिकट गोळे खोकल्यातून पडतात, एक्स-रेत डाग येतात, जातात, दुसरीकडे उमटतात. आपल्याकडे टीबी इतका आहे की डाग बघितला की आधी तोच आठवतो, त्यामुळे असे कित्येक लोक महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या खाऊन मग माझ्याकडे येतात, आणि तोपर्यंत श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या असतात. ही बुरशी बाहेरच्या हवेतही असते, म्हणून सगळा दोष भिंतीला देणार नाही, पण दमेकऱ्याला ओलीत ठेवू नका.

आईंच्या थुंकीत टीबी सापडला होता का, सीबीनॅट (थुंकीत टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) झाली होती का, हे फाइल काढून बघा. रक्तातली एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रथिन), अ‍ॅस्परजिलसची आयजीई आणि गरज पडली तर एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन), एवढ्यावर बरंच कळतं. पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका, खरंच टीबी असेल तर तो औषधाला दाद न देणारा होऊन बसतो. या आठवड्यात छातीविकारतज्ज्ञाला दाखवा, पुढच्या महिन्यात नको.

प्रश्न: 7 महिन्यांचं बाळ आहे, ओलीच्या वासासाठी सासूबाई रोज कापूर-धूप करतात. चालेल का?

नको. वास झाकला जातो, बुरशी तिथेच राहते, वर धुराचा त्रास वेगळा. सासूबाईंना सांगा डॉक्टर म्हणाल्या म्हणून, आणि बाळाचा पाळणा आजच कोरड्या खोलीत हलवा. खोकला असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, किंवा बाळ दूध ओढताना थांबून धापा टाकत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ हॉस्पिटलला न्या, रात्र असली तरी.