नवी बस मागावी की वेळ बदलून घ्यावी?

प्रश्न : कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, जांबोटी भागातल्या आमच्या गावची सकाळची बस शाळा भरल्यावरच खानापुरात पोचते. नवी बस मागावी का?

उत्तर : नको. आहे तीच फेरी लवकर सोडायला सांगा. नव्या गाडीला चालक-वाहक लागतात, अर्ज तिथंच अडतो. गाडी रात्री गावातच मुक्कामी असेल तर वेळ बदलणं आणखी सोपं. अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे, शक्यतो कन्नडमध्ये द्या. थांब्यागणिक मुलांची संख्या, शाळेची वेळ, मुख्याध्यापकांचं पत्र, ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. मुलींचा आकडा वेगळा लिहाच! कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे ११ जून २०२३ पासून त्यांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे. नुसते पास मोजले तर त्या हिशेबातून सुटतात. मुलग्यांच्या पासाचा अर्ज सेवा सिंधू या सरकारी संकेतस्थळावर करा. बसच्या वेळेच्या अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्या.